आतली कड

मोटारीच्या पुढच्या दोन चाकांनी एकमेकांकडे किती पाहावे, हा प्रश्न वरकरणी फारच किरकोळ वाटतो. दोन्ही चाके सरळ पुढे पाहत असली म्हणजे झाले, असेच कोणीही म्हणेल. पण एखाद्या जुन्या गाडीसमोर उकिडवे बसून, एक डोळा मिटून नीट पाहा. चाके तंतोतंत समांतर क्वचितच सापडतील. कोणाची चाके अंगठे आत वळवून चालणाऱ्या माणसासारखी पुढच्या बाजूने किंचित जवळ आलेली असतात, तर कोणाची बदकाच्या पावलांसारखी बाहेर फाकलेली. पहिल्या अवस्थेला मोटारीच्या धंद्यात 'टो-इन' म्हणतात, दुसरीला 'टो-आउट'. 'टो' म्हणजे पायाचे बोट. नाव ठेवणाऱ्याने चाकांपेक्षा माणसांच्या पायांकडेच जास्त पाहिले असावे. हा सगळा मामला दोन-चार मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीचा. तेवढ्यासाठी लोक रविवारची सकाळ 'व्हील अलाइनमेंट'च्या रांगेत घालवतात, हिरव्या आकड्यांचा एक कागद घेऊन घरी येतात आणि तो डॅशबोर्डच्या खणात टाकून विसरून जातात.

मोजमाप हा माझ्या पोटापाण्याचा विषय. भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात माझी एकतीस वर्षे गेली. मायक्रोमीटर, डायल गेज, ग्रॅनाइटची टेबले यांच्या संगतीत माणूस थोडा चक्रम होतो, हे मान्य. पण तिथे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेली एक गोष्ट अजून डोक्यातून गेलेली नाही. जॉब पक्का धरल्याशिवाय मापाला हात लावायचा नाही. ढिल्या धरलेल्या जॉबचे माप जितके बारीक घ्याल तितके ते जास्त फसवे. मोटारीच्या चाकांना हा नियम किती नेमका लागू पडतो, ते वाईला माझ्या थोरल्या बहिणीच्या गाडीपाशी पुन्हा एकदा दिसले. तिथे येतोच, पण आधी त्या दोन-चार मिलिमीटरचा हिशेब मांडू या.

मारुती ८००चा टायर '१४५/७० आर १२' या मापाचा. बारा इंची रिम आणि तिच्याभोवती रबर, असा सगळा व्यास अर्ध्या मीटरहून किंचित जास्त भरतो. आता असे समजा की प्रत्येक चाक त्याच्या व्यासाच्या लांबीत तीन मिलिमीटर बाहेर वळलेले आहे. पाचशे मिलिमीटरला तीन, म्हणजे हजाराला सहा. गाडी एक किलोमीटर पुढे गेली की हे चाक, स्वतःच्या मर्जीने चालले असते तर, सहा मीटर बाजूला गेले असते. पण दुसरे चाक त्याला तितक्याच जोराने उलट्या बाजूला ओढत असते. म्हणून गाडी सरळ जाते आणि ते सहा मीटर टायरला रस्त्यावर आडवे घासून काढावे लागतात. दहा हजार किलोमीटरमागे हे साठ किलोमीटर झाले. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत चाके न फिरवता गाडी आडवी फरपटत नेल्यासारखेच हे! रबर लवचीक असते, त्यामुळे ते एकदम खरवडले जात नाही. थोडे वाकते, थोडे निसटते, थोडे झिजते. पण हिशेब चुकत नाही.

आणि टायर ही नोंद आपल्या अंगावर लिहून ठेवतो. चाके आत वळलेली असतील तर बाहेरची कड आधी जाते, बाहेर फाकलेली असतील तर आतली. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट फिरवला की माशाच्या खवल्यांवरून फिरवल्यासारखा अडतो. असे झाले की समजावे, चाक तिरके चालले आहे. या परीक्षेला पैसे पडत नाहीत आणि वीजही लागत नाही.

इथे दोन गैरसमजांचा निकाल लावायला हवा, कारण गॅरेजमध्ये येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ते बरोबर घेऊन येतो. गाडी सत्तर-ऐंशीच्या वेगाला थरथरते, स्टिअरिंग हातात नाचते, तर तो दोष बहुधा अलाइनमेंटचा नसून बॅलन्सिंगचा असतो. चाकाचे वजन सगळीकडे सारखे नसते, त्याचा तो नाच. दुसरी तक्रार गाडी एका बाजूला ओढते, ही. तिचा दोषही टोच्या माथी मारला जातो. वास्तविक टो चुकला तरी दोन्ही चाके ती चूक आपसांत वाटून घेतात. स्टिअरिंग वाकडे दिसेल, गाडी भिरभिरी वाटेल, पण ती सतत एकाच बाजूला जाणार नाही. तशी जात असेल तर आधी हवा तपासावी, मग एखादा ब्रेक चिकटून राहतो का ते पाहावे. आणखी एक साधी गोष्ट विसरू नये. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधोमध उंच असतात आणि आपण डावीकडून चालतो. तेव्हा चांगली गाडीदेखील हात सोडला तर हळूहळू डावीकडे उतरणार. तो रस्त्याचा उतार आहे, गाडीचा दोष नव्हे.

चाकांच्या कोनांचे हे शास्त्र मोटारीपेक्षा जुने आहे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळातून जाते आणि बाहेरचे मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एक फरपटणारच. घोड्यांच्या बग्ग्यांसाठी यावर तोड काढली ती म्युनिचच्या लांकेनस्पर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्याने. लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले रुडॉल्फ अकरमन या जर्मन वंशाच्या प्रकाशकाने, १८१८ साली. इकडे पेशवाई बुडाली ते हेच वर्ष. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार तेव्हाही होताच. आजही जगभरचे अभियंते 'अकरमन'चीच भूमिती शिकतात. असो.

आपल्याकडे या विषयाला खरे वळण मिळाले ते मारुतीमुळे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली देण्यात आली. १९८६ साली तिचे रूप बदलले आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे तेच रूप मध्यमवर्गाच्या दारात उभे राहिले. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या होत्या. तिच्याआधीच्या फियाट आणि ॲम्बॅसडर यांची मागची चाके गाडीला ढकलत असत. ढकलल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाके रस्त्याच्या विरोधाने मागे रेटली जातात आणि सांध्यांत जो काही थोडा सैलपणा असतो तो घेऊन फाकतात. म्हणून ती उभ्या गाडीत मुद्दाम थोडी आत वळवून ठेवायची; चालू लागली की समांतर होतात. मारुतीचा कारभार उलटा. तिची पुढची चाकेच गाडीला ओढतात, जोर लागला की स्वतःहून आत यायला बघतात. त्यामुळे अशा लहान गाड्यांना टो जवळजवळ शून्य ठेवतात. फियाटच्या किंगपिनला ग्रीस भरण्यात हयात गेलेल्या कित्येक मिस्त्रींनी सुरुवातीच्या काळात मारुतीलाही सवयीने 'थोडं आत' दिले, आणि नव्या टायरांच्या बाहेरच्या कडा कुरतडल्या गेल्या.

ताईची गाडी १९९९ची. भावोजींनी घेतलेली, पांढरी. भावोजी गेले त्याला आता नऊ वर्षे होतील. त्यानंतर शाळेतून निवृत्त झालेली माझी बहीण ती गाडी एकटी चालवते. मंडईत जाते, साताऱ्याला बँकेत जाते, खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याला माझ्याकडे येते, आणि वर्षातून दोन-तीनदा पसरणीचा घाट चढून, महाबळेश्वर ओलांडून, आंबेनळी घाटाने पोलादपूरच्या बाजूला सासरच्या गावी जाऊन येते. ज्यांनी पावसाळ्यात आंबेनळी उतरला आहे त्यांना जास्त सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला पुष्कळसा त्या रस्त्यावरूनच खाली जातो की काय असे वाटते.

भाच्याचा फोन आला तो मे महिन्यात. "मामा, आईला जरा समजाव. वर्षात दुसऱ्यांदा पुढचे टायर गेलेत. तीनदा अलाइनमेंट केली. गाडीच म्हातारी झालीय, आता भंगारात दे म्हणावं." पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला नेऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते, ती कटकटही त्याला नको होती. मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण ताईचे म्हणणे वेगळे होते. "अरे, गाडी चालायला छान आहे. फक्त ब्रेक दाबला की जरा नाक फिरवते. आणि जूनमध्ये मला छोटीला घेऊन गावी जायचंय." छोटी म्हणजे भाच्याची आठ वर्षांची मुलगी.

'ब्रेक दाबला की नाक फिरवते' हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. त्या तीन कागदांवर ते कुठेच नव्हते. कागद मी वाईला जाऊन पाहिले. तिन्ही वेळा सगळे आकडे हिरवे. शेजारी छापलेले, 'समायोजित'. कुठल्या केंद्रात केले, त्याला इथे महत्त्व नाही. यंत्रही चांगले होते. केंद्रातल्या मुलाने त्याला शिकवले होते तेच केले. गाडी रॅम्पवर घेतली, चाकांना पट्ट्या लावल्या, पडद्यावरचा काटा लाल होता तो पाना फिरवून हिरवा केला, आणि कागद दिला. मागे रांगेतली गाडी हॉर्न वाजवत होती.

ताईच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. वय सत्तरीच्या घरात, गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि समोर सिमेंटचा कोबा. त्यांच्या दोन्ही मुली ताईच्या हाताखाली शिकलेल्या, त्यामुळे ते तिला 'बाई' म्हणतात आणि तिच्या गाडीला हात लावण्याआधी हात धुतात. त्यांनी कागदांकडे पाहिलेही नाही. आत बसून स्टिअरिंग पार उजवीकडे वळवले, खाली उतरले आणि मला म्हणाले, "साहेब, डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला हात घाला जरा. सावकाश."

बाहेरून पाहिले तर टायर निम्म्याहून जास्त शाबूत होता. नक्षी खोल, काठ चांगला. आतल्या कडेला मात्र दोन बोटे रुंदीचा पट्टा साफ गुळगुळीत झाला होता, आणि एके ठिकाणी रबर संपून खालच्या तारा वर आल्या होत्या. बोटाला टोचल्या. गाडीशेजारी उभे राहून ही कड कोणालाच दिसत नाही. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला दिसत नाही, गाडी धुणाऱ्याला दिसत नाही. ताई मागे येऊन उभी राहिली होती. तिनेही वाकून पाहिले आणि काही बोलली नाही. तिच्या मनात काय आले असेल ते मला कळत होते, कारण माझ्याही मनात तेच आले होते: आंबेनळीचे वळण, पाऊस आणि मागच्या सीटवरची छोटी.

"आवो बाई, मशीन काय खोटं सांगत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पन ते हुबी गाडी मोजतंय. टायर चालत्या गाडीत झिजतोय."

त्या दोन वाक्यांत सगळे आले, पण नेमके काय झाले होते ते उलगडून सांगतो. मारुती ८००चे पुढचे चाक तीन गोष्टी मिळून जागेवर धरतात. वरून एक उभा दांडा येतो, त्यातच शॉकॲब्सॉर्बर आणि त्याभोवती स्प्रिंग. ही अमेरिकन अभियंता मॅकफर्सनची रचना, मोठ्या खपाच्या मोटारींत १९५०च्या सुमाराला आली. खाली आडवा हात, त्याला 'लोअर आर्म' म्हणतात. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट. आणि या हाताने पुढे-मागे हलू नये म्हणून त्याला समोरून धरून ठेवणारा एक वाकवलेला लोखंडी गज, ज्याला गॅरेजमध्ये सगळे 'बॅलन्स रॉड' म्हणतात. हा गज जिथे जिथे पकडलेला असतो तिथे रबराचे बुश असते. हे रबर म्हणजे या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त भाग, आणि सगळा भार सरतेशेवटी त्याच्यावर. स्टिअरिंगकडून येणारा 'टाय रॉड' चाकाला वळवतो, आणि टो कमी-जास्त करायची सोय असते ती त्याच्या आट्यांत. चाक वरून आत-बाहेर किती कलले आहे तो 'कॅम्बर', आणि चाकाचा वळण्याचा आस पुढे-मागे किती झुकला आहे तो 'कॅस्टर'. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडूनही ती सरळ जाते. कॅस्टरचे काम तेच. मारुतीत हे दोन कोन बदलण्याची सोय कंपनीने ठेवलेली नव्हती. ते बिघडलेले दिसले तर काहीतरी वाकले आहे किंवा झिजले आहे असेच समजायचे. कोणी भोके कानस मारून मोठी करून कॅम्बर 'काढून देतो' म्हणाला, तर गाडी तिथून हलवावी.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि लगेच खाली लोखंडी घोडी लावली. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालणारा माणूस या धंद्यात म्हातारा होत नाही, असे ते म्हणाले. मग घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून हलवले, ठीक होते. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले. हलकासा 'टक्' आवाज आला. डाव्या टाय रॉडचा एंड ढिला. मग त्यांनी लांब पहार घेतली, बॅलन्स रॉड आणि लोअर आर्म जिथे मिळतात तिथे घातली आणि दाबली. चाक सबंधच्या सबंध बोटभर मागे गेले! बुशमधले रबर संपून भोक लंबगोल झाले होते. गाडी उभी असताना हे सगळे आपल्या वजनाने निमूट एका जागी बसायचे, पडद्यावर आकडा हिरवा यायचा. रस्त्यावर प्रत्येक ब्रेकला चाक मागे सरकून फाकायचे, ॲक्सिलरेटर दाबला की परत यायचे. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा ढिला जॉब मोजला. आमच्या कारखान्यात असे माप कोणी लिहून दिले असते तर त्याला कागद परत मिळाला असता.

काम सव्वा दिवसाचे निघाले. दोन्ही बाजूंची बुशे, कारण एकच बाजू बदलली की दुसरी लगेच डोके वर काढते. डावीकडचा टाय रॉड एंड, आणि अर्थातच दोन टायर. जुना एंड काढताना मिस्त्रींनी तो किती आट्यांनी बाहेर आला ते मोजले आणि नवा तेवढ्याच आट्यांनी बसवला, म्हणजे अंदाज जागेवर राहतो. बुशचे नट मात्र गाडी हवेत असताना त्यांनी नुसते हाताने लावले. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन तिच्यावर घेऊन मगच ते आवळले. हवेत आवळले तर रबर तिथेच चिकटते आणि गाडी खाली आली की जन्मभर पीळ खाऊन राहते. ही गोष्ट घाईच्या गॅरेजांत हटकून विसरली जाते, आणि सहा महिन्यांत नवे बुश फाटले की दोष मालाला दिला जातो.

मग आली खरी अलाइनमेंट. शेडमध्ये यंत्र नव्हते. ओळंबा, खडू, खिळा आणि पोलादी टेप, एवढेच सामान. चारही चाकांत पुस्तकाप्रमाणे हवा भरली. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजून बरोबर मध्यावर आणले आणि दोरीने सीटला बांधले. मग पुढची चाके उचलून, हाताने फिरवत, टायरच्या मधोमध खडूचा पट्टा ओढला, आणि लाकडाच्या ठोकळ्यात मारलेला खिळा स्थिर धरून त्या पट्ट्यावर एक बारीक रेघ काढली. ही रेघ महत्त्वाची. रिम थोडी वाकडी असली तरी फिरत्या चाकावर काढलेली रेघ स्वतः सरळ असते. गाडी खाली घेतली, बॉनेटवर दोन-चारदा दाब देऊन बसवली आणि चार पावले पुढे ढकलली. मागे नाही, पुढेच. मागे ढकलले तर सांधे उलट्या बाजूला बसतात आणि माप बदलते.

आता प्रत्येक चाकाच्या सर्वांत पुढच्या बिंदूवर, आसाच्या उंचीला, रेघेवर ओळंब्याची दोरी धरायची आणि खाली कोब्यावर पेन्सिलीची खूण करायची. रेघेवरच्या त्याच जागी खडूचा ठिपका द्यायचा. मग तो ठिपका मागच्या टोकाला येईपर्यंत गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची. मारुतीच्या चाकाला हे अंतर साधारण ऐंशी सेंटिमीटर. पुन्हा ओळंबा, पुन्हा खूण. गाडी बाजूला घेतली की कोब्यावर खुणांच्या दोन जोड्या उरतात आणि त्या निवांतपणे मोजता येतात. मागचे अंतर जास्त भरले तर टो-इन, पुढचे जास्त भरले तर टो-आउट. गाडी कुठे अडचण करत नाही, इंजिन टेपच्या आड येत नाही. मला ही युक्ती इतकी आवडली की मी दोनदा उगीचच मोजून पाहिले. पुढचे अंतर सात मिलिमीटर जास्त होते.

दुरुस्ती दोन पान्यांची. टाय रॉडचा लॉकनट सैल करायचा, रॅकवरच्या रबरी बुटाची क्लिप ढिली करायची, नाही तर रॉडबरोबर बूटही पीळ खातो, आणि मग रॉड फिरवायचा. दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच फिरवायचे. एकच फिरवला तरी टो जमतो, पण स्टिअरिंग वाकडे होते, आणि मग लोक स्टिअरिंगच काढून एक दात सरकवून बसवतात. ते म्हणजे तापात थर्मामीटर बदलणे झाले. मिस्त्रींनी पाव फेरा, मग पुन्हा थोडा, असे करत तीन खेपा केल्या. दर खेपेला गाडी ढकलायची, ओळंबा धरायचा. ढकलायला भाचा होता. तो त्या शनिवारी आईची समजूत घालायला म्हणून आला होता. तिसऱ्या खेपेला दोन्ही अंतरांत एक मिलिमीटरचा फरक उरला, तोही आतल्या बाजूला. लॉकनट आवळला आणि आवळताना रॉड फिरला नाही ना म्हणून पुन्हा एकदा मोजले.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने गाडी पुन्हा एका अलाइनमेंट केंद्रात नेली. यंत्रावर आलेला आकडा कोब्यावरच्या आकड्याच्या अगदी जवळ होता. यंत्राची बाजू घेऊन एवढे सांगितलेच पाहिजे की ओळंब्याला कॅस्टर मोजता येत नाही आणि मागची चाके पुढच्यांच्या मागे सरळ धावतात की तिरकी, हेही त्याला नीट कळत नाही. यंत्राला ते दोन्ही दहा मिनिटांत कळते. भांडण यंत्राशी नाहीच. भांडण आहे ते त्या दरपत्रकाशी. अलाइनमेंटचा दर ठरलेला असतो. चाक हलवून पाहण्याचा, पहार लावण्याचा, आतल्या कडेला हात फिरवण्याचा दर कुठेच लिहिलेला नसतो. त्यामुळे ते कोणी करत नाही, आणि गिऱ्हाईकही मागत नाही. भिंतीवर मात्र 'दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करा' अशी पाटी असते. सगळे सांधे घट्ट असलेल्या आणि खड्ड्यात न आपटलेल्या गाडीचे कोन आपोआप कुठे जातात, हे त्या पाटीखाली लिहिलेले नसते. मोठा खड्डा लागला, चाक फुटपाथला घासले, सस्पेन्शनचा एखादा भाग बदलला किंवा टायरवर खवले लागले, की मोजावे. आणि मोजणाऱ्याला आधी विचारावे, "सांधे पाहिलेत का?" तो गोंधळला तर उत्तर मिळाले.

सगळा खर्च, दोन टायर सोडून, एका नव्या टायरच्या किमतीत बसला. भाच्याने भंगाराचा विषय त्या दिवशी काढला नाही, नंतर काढेल. जुन्या मारुतीपुढे अडचणी आहेतच. बारा इंची टायर हल्ली प्रत्येक दुकानात मिळत नाही. ताईच्या गाडीला दुकानदार आधी '१४५/८०'चा टायर देत होता, 'बसतो की' म्हणून. बसतो, पण व्यासाला जवळपास तीन सेंटिमीटरने मोठा. एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला सत्तरचा बसवला की पुन्हा गाडी ओढायला लागलीच म्हणून समजा. आम्ही सत्तरचेच दोन मागवून घेतले, त्याला चार दिवस थांबावे लागले. घाटाचा बेत तेवढा पुढे गेला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताई छोटीला घेऊन पोलादपूरला जाऊन आली. पाऊस होता. ब्रेकला गाडी सरळ राहते, एवढेच तिने फोनवर सांगितले आणि मग फणसाच्या गऱ्यांबद्दल बोलत राहिली. पाचशे किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी गाडी परत बोलावली होती. त्यांनी नट तपासले, स्टिअरिंग पार उजवीकडे वळवले आणि छोटीचा हात धरून तिला चाकाच्या आतल्या अंगाला बोटे फिरवायला लावली. "खरबरीत लागतंय?" त्यांनी विचारले. ती म्हणाली, "नाही. दोन्हीकडून सारखंच."